डंकावरची चटणी आणि मास्तरांचं पोट

(दृश्य: साताऱ्यातला मसाला डंक, वरखाली होणारी मुसळं)

एप्रिल-मे आला की साताऱ्यात डंकापुढे डब्यांची रांग लागते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. भाजलेलं खोबरं, धणे, तेलात लालभडक तळलेला कांदा आणि वरून ओंजळ ओंजळ लसूण. वर्षाची बेगमी. आमटी असो, कालवण असो, चटणी हीच.

रांगेत हे एसटीचे वाहक. आगारात सगळे मास्तर म्हणतात. पोटात मुरडा येतो, जाऊन आलं की बरं वाटतं, डबल बेल द्यायची वेळ झाली की पुन्हा कळ. ‘जुनी आव’ म्हणून दरवेळी त्याच गोळ्या. सोनोग्राफी नॉर्मल. फाइल तेवढी जाड झाली.

(दृश्य: दवाखाना. टेबलावर सात चित्रांचा तक्ता)

या डॉक्टरांनी फाइल बाजूला सारली आणि विचारत बसले. आठवड्यातून किती दिवस दुखतं? शौचानंतर कमी होतं की वाढतं? खेपा वाढल्यात? आणि होते कशी? हा ब्रिस्टलचा तक्ता, लेंड्यांसारख्या खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत. बोलायची लाज वाटली तर बोट ठेवायचं. मास्तरांनी सहाव्यावर ठेवलं.

२०१६चे रोम निकष, म्हणजे अशा पोटदुखीचं निदान करायला तज्ज्ञांनी ठरवलेल्या कसोट्या, हेच विचारतात. तीन महिने, आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी. तिचा शौचाशी, खेपांशी, स्वरूपाशी, यांतल्या किमान दोहोंशी संबंध. सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. बसलं, तर आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हळव्या आतड्याचा विकार.

पण त्याआधी दुसरी प्रश्नावली. शौचातून रक्त? वजन उतरलं? कळेनं रात्री झोपमोड? अंगात रक्त कमी? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर? त्रास पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झाला? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर दुर्बिणीची तपासणी टाळायची नाही. मास्तरांचं सगळं ‘नाही’. म्हणून रक्ताच्या मोजक्या तपासण्या, सूज पाहायला शौचाची एक, बस्स. या विचारपुशीला मशीन लागत नाही. मग ती इतकी वर्षं कुणी का केली नाही?

आतडं दिसायला धडधाकट असतं. त्याच्या नसा मात्र हळव्या झालेल्या असतात; दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढा गॅस इथे कळ काढतो. ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं.

(दृश्य: स्वयंपाकघर. दोन डबे)

कांदा, लसूण, गहू यांतली फ्रुक्टॅन्स नावाची कर्बोदकं लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यात जिवाणू ती आंबवतात, गॅस धरतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठानं यावर आहार बसवला: असे पदार्थ चार ते सहा आठवडे बंद, मग एकेक परत. फ्रुक्टॅन्स पाण्यात उतरतात, तेलात नाही. म्हणून वहिनी लसूण तेलात परतून काढून टाकतात; वास राहतो. मास्तरांच्या डब्यात बिनकांद्या-लसणाची, कमी मिरचीची चटणी. चपातीऐवजी ज्वारीची भाकरी, ती तर इथे घरचीच.

जोडीला इसबगोल, मुरड्यावर गोळी, रोजचं चालणं. निदान होईपर्यंतच्या वर्षांत मात्र रजा गेल्या, लग्नकार्यं चुकली.

आता परतीची पाळी. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, वहीत नोंद. डॉक्टर म्हणाले, गव्हापासून करू. मास्तर म्हणाले, आधी लसूण.