खाण्यापुरता गहू आणि दाण्यातलं जस्त

शेतकरी बंधू-भगिनींनो,

आपल्याकडे कांदा-ऊस-सोयाबीनच्या पट्ट्यात बहुतेकांचा गहू घरी खाण्यापुरताच असतो. पाच माणसांच्या घराला वर्षाला पाच-सहा क्विंटल लागतो, म्हणून सोयाबीन निघालं की अर्धा एकर गव्हाला ठेवायचा. आजचं बोलणं त्या अर्ध्या एकराबद्दल आहे. बाजारात पोतं वजनावर जातं, दाण्यातल्या जस्ताचे (झिंकचे) पैसे कुणी देत नाही. घरच्या गव्हाची पोळी मात्र आपलीच लेकरं खाणार आहेत.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथे १८४३ पासून एकाच शेतात गहू घेतला जातो आणि जुन्या दाण्यांचे नमुने जपून ठेवलेले आहेत. ते तपासल्यावर दिसलं, की १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातलं जस्त आणि लोह जवळपास स्थिर होतं. बुटके, भरघोस उताऱ्याचे वाण आले आणि ते उतरत गेलं. त्या शेताच्या मातीतलं जस्त कमी झालेलं नव्हतं. पीठ वाढलं, जस्त त्या प्रमाणात दाण्यात पोचलं नाही. म्हणून भरघोस उताऱ्याचे वाण सोडून द्या असं मी मुळीच म्हणणार नाही. वाण निवडताना बघता येतं: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा बन्सी (कडक दाण्याचा) गहू जिरायतीसाठी आहे आणि त्यात प्रथिनं १४.७ टक्के, जस्त किलोला ४० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. पण वाण कितीही चांगला असला तरी मुळांना जस्त मिळालंच नाही, तर तो दाण्यात आणणार कुठून?

आपली काळी जमीन चुनखडीची. सामू (पीएच) ८ च्या वर गेला की जस्त मातीत असूनही विरघळत नाही. सामू एका अंकाने वाढला की विरघळणारं जस्त शंभरपटीने घटतं. माती परीक्षणाच्या कागदावर जस्त ०.६ पीपीएमच्या (मातीच्या किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या) खाली असेल तर पेरणीच्या वेळी एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. हे दर हंगामाला लागत नाही, दोन-तीन पिकांना पुरतं. एवढ्याने उतारा सुधारतो, दाण्यातलं जस्त मात्र थोडंच वाढतं. ते वाढवायचं तर पानांवरून द्यावं लागतं, आणि तेही उशिरा.

उशिरा म्हणजे कधी? पहिली फवारणी गहू पोटरीत, म्हणजे ओंबी अजून पानाच्या वेष्टणात असताना, पेरणीपासून साधारण ५५ दिवसांनी. दुसरी दाणा चिकात आला की, साधारण ७५ दिवसांनी. पण दिवस मोजण्यापेक्षा ओंबी बघा. मधला एक दाणा काढून नखाने दाबा. पाणी निघालं तर थांबा, दुधासारखा पांढरा चीक निघाला तर तीच वेळ. दाणा घट्ट होऊन ओंब्या भाजण्याजोग्या झाल्या की उशीर झाला म्हणायचा. दोनपैकी एकच फवारणी जमणार असेल तर चिकातली करा, कारण त्या वेळी पानावर पडलेलं जस्त सरळ भरत्या दाण्याकडे जातं.

प्रमाण अर्ध्या टक्क्याचं. अर्ध्या एकराला १०० लिटर पाणी, त्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. हे खड्यांच्या रूपातल्या, २१ टक्के जस्ताच्या मालाचं माप. ३३ टक्क्यांची पावडर आणली असेल तर लिटरला ३ ग्रॅमच घ्या, नाहीतर पानांची टोकं करपतात. करपू नये म्हणून सोबत पंपाला ३०० ग्रॅम युरिया टाका. चुन्याची निवळीही चालते, पण ती नीट गाळली नाही तर नोझल तुंबतं. युरियाने वर थोडं नत्रही मिळतं. फवारणी दुपार टळल्यावर, वारा नसताना करा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पोटरीच्या सुमारास अनेक जण १९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत फवारतात आणि एक फेरी वाचावी म्हणून त्याच पंपात झिंक सल्फेटही घालतात. त्यातल्या स्फुरदाशी जस्त जुळतं आणि साका होऊन तळाशी बसतं. दोन्हींत चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा. डीएपी खतातही स्फुरद असतं, म्हणून पेरणीतही ते आणि झिंक सल्फेट एकत्र कालवू नका. याच गुणाचा उपयोग भेसळ ओळखायलाही होतो. झिंक सल्फेटमध्ये स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट मिसळलेलं असतं, दिसायला दोन्ही सारखेच. चमचाभर डीएपी अर्धा पेला पाण्यात विरघळवून गाळा आणि त्यात झिंक सल्फेटचं पाणी ओता. दह्यासारखा दाट पांढरा साका धरला तर माल जस्ताचा. पाणी निवळच राहिलं तर दुकानदाराकडे परत न्या.

आता नत्र. प्रथिनं नत्रातूनच बनतात, आणि नत्र पुरेसं असेल तर मुळं जस्त आणि लोहही जास्त उचलतात. लोहासाठी तर हाच भरवशाचा मार्ग; फेरस सल्फेट फवारून पिवळी पानं हिरवी होतात, पण दाण्यात फारसं उतरत नाही. बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची: अर्धं पेरणीला, अर्धं मुकुटमुळं (बुडाशी येणारी नवी मुळं) फुटताना, २१ दिवसांनी. खाण्याच्या गव्हाला एकूण नत्र तेवढंच ठेवा, मात्र दुसऱ्या हप्त्यातून एकूण नत्राचा पाचवा हिस्सा काढून पोटरीच्या पाण्याला द्या. सगळं लवकर दिलं तर पीक माजतं आणि लोळतं. बन्सीत नत्राची उपासमार डोळ्यांना दिसते: दाणा ब्लेडने आडवा कापा. पोसलेला दाणा आतून काचेसारखा, मधाळ रंगाचा असतो; उपाशी दाण्यात खडूसारखे पांढरे पिठूळ डाग पडलेले असतात.

एक सावधगिरी. उशिरा पेरलेला, फेब्रुवारीच्या उन्हात चिमलेला गहू प्रयोगशाळेत दिला तर किलोमागे जस्त जास्त दिसतं. तिथे पीठच कमी भरलेलं असतं, आकड्याला भुलू नका. ८० ते ८५ दिवसांचं पाणी चुकवू नका.

अर्ध्या एकरातल्या साडेसात क्विंटल गव्हात किलोमागे १५ मिलिग्रॅम जस्त वाढलं, तर ते सगळं मिळून सुमारे ११ ग्रॅम भरतं. पण दिवसाला ३०० ग्रॅम गहू खाणाऱ्याच्या पोटात तेच रोज साडेचार मिलिग्रॅम जास्त जातं, आणि बाईमाणसाची गरज दिवसाला सुमारे १३ मिलिग्रॅमची असते. सगळं अंगी लागत नाही, कारण दाण्यातलं फायटिक आम्ल जस्ताला धरून ठेवतं. तरी कणिक बारीक चाळणीने चाळू नका, जस्ताचा मोठा वाटा कोंड्याच्या आतल्या थरात आणि कोंबात असतो.

मळणी झाली की फवारलेल्या गव्हातले २०-२५ किलो, अर्ध्या एकराचं बियाणं, वेगळं काढा. वाण संकरित नसल्यामुळे घरचं बी चालतं, आणि जस्ताने भरलेलं बी चुनखडीच्या जमिनीतही जोमाने उगवतं.