रिबोल्ला, रांजण आणि सात वर्षं

मंडळी, तुमच्यातल्या बहुतेकांनी गारपीट पाहिली आहे. 2014 सालचा मार्च इथे नाशिकला कुणी विसरलेलं नाही. द्राक्षाचे घड उतरवायला आठ दिवस उरलेले असतात, आभाळ काळं होतं आणि घटकाभरात वर्षाची मेहनत मातीत मिसळते. आज ज्या माणसाबद्दल बोलायचंय, त्याच्या आयुष्याला वळण लागलं तेही गारांनीच.

साल 1996. इटलीच्या ईशान्य टोकाला, गोरित्सिया शहराच्या डोक्यावर ओस्लाविया नावाचं टेकडीवरचं छोटं गाव आहे. तिथल्या योश्को ग्राव्हनर यांच्या बागेवर गारा पडल्या आणि रिबोल्ला या पांढऱ्या द्राक्षाचं जवळजवळ सगळं पीक गेलं. हाती उरले थोडे घड. एवढ्याशा मालात धंदा होणार नव्हता, पण प्रयोग होऊ शकत होता. ग्राव्हनर यांनी त्या घडांचा रस सालींसकट आंबू दिला. त्यांच्या आजा-पणजांच्या काळात त्या टेकड्यांवर लोक पांढरी वाइनही अशीच करत असत.

पांढरी वाइन करताना सहसा द्राक्षं दाबून रस काढतात, साली आणि बिया लगेच बाजूला टाकतात आणि फक्त रस आंबवतात. साली ठेवतात त्या लाल वाइनसाठी. रिबोल्लाची साल मात्र जाड असते, आणि ग्राव्हनर यांच्या मते या द्राक्षाचं सगळं सत्त्व त्या सालीत आहे. लोणचं करणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको. कैरीची साल काढून लोणचं घातलं तर त्यात मुरायला राहतं काय?

तो प्रयोग एवढा मोठा का, ते कळायला त्याआधीचे ग्राव्हनर पाहायला हवेत. जन्म 1952 चा, घर स्लोव्हेनियन भाषिक. तरुणपणी त्यांनी वडिलांची पद्धत मोडीत काढली. स्टीलच्या टाक्या आणल्या, तापमानावर ताबा आणला, पुढे फ्रेंच ओकची छोटी पिंपं आणली. शार्दोने आणि सोविन्यॉ ब्लाँ या द्राक्षाच्या बाहेरून आलेल्या जाती, त्यांतही ते तरबेज झाले. 1980 च्या दशकात इटलीच्या उत्तम पांढऱ्या वाइनमध्ये त्यांचं नाव घेतलं जाई. 1987 मध्ये ते कॅलिफोर्नियाला गेले, तिथल्या वाइन चाखल्या आणि खट्टू होऊन परतले. इतक्या लांबच्या मुलखात त्यांना ठिकठिकाणी एकच चव भेटली होती: तंत्राची. आणि ते तंत्र तर त्यांच्या स्वतःच्या तळघरातही होतं. आपण ज्यात पारंगत झालो त्यावरच शंका घ्यायची, ही त्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते.

आता जमिनीकडे येऊ. तिथली माती म्हणजे ‘पोंका’, स्लोव्हेनियन शेजारी तिला ‘ओपोका’ म्हणतात. चुनखडीयुक्त चिकणमाती आणि वालुकाश्म यांचे एकावर एक थर, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ वर आलेला. आपला मुरूम लाव्ह्याच्या खडकापासून झालेला आणि ही समुद्राची माती, त्यामुळे कुळी वेगळी. पण हवा-पाणी लागलं की पोंकाचाही भुगा होतो. उत्तरेला आल्प्स, दक्षिणेला थोड्याच अंतरावर एड्रियाटिक समुद्र, आणि मधूनमधून सुटणारा ‘बोरा’ नावाचा बोचरा वारा. रिबोल्लाचा उल्लेख या भागात तेराव्या शतकापासून सापडतो. म्हणजे या वेलीनं ही जागा पारखून झालेली आहे.

आणि या जमिनीत आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात इझोन्झो नदीच्या लढाया इथेच झाल्या. तोफांनी गाव आणि बागा उद्ध्वस्त केल्या. ओस्लावियाच्या टेकडीवर 1938 मध्ये बांधलेलं स्मारक आहे, त्यात 57,000 हून अधिक सैनिकांचे अवशेष आहेत. आधी ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य, मग इटली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 मध्ये याच टेकड्यांमधून आखलेली युगोस्लाव्हियाची सरहद्द. अलीकडे इटलीत या टेकड्यांना कोल्लिओ म्हणतात, पलीकडे आजच्या स्लोव्हेनियात ब्र्दा. नाव बदललं, माती तीच राहिली.

1996 च्या प्रयोगानं ग्राव्हनर यांना दिशा दिली. शेजारचे स्तान्को रादिकॉनही त्याच वाटेवर होते, त्यांनी तर वर्षभर आधी सुरुवात केली होती. पण ग्राव्हनर यांना प्रश्न पडला की सालींसकट वाइन करण्याची रीत मुळात सर्वांत जुनी कुठली? उत्तर होतं कॉकेशसमधला जॉर्जिया देश. तिथे मातीचे प्रचंड रांजण जमिनीत पुरून त्यात द्राक्षं आंबवतात. या रांजणाला ‘क्वेव्री’ म्हणतात. 2000 मध्ये ते जॉर्जियाला जाऊन आले आणि 2001 पासून त्यांची वाइन रांजणात होऊ लागली. आपल्याकडे धान्याची पेवं जमिनीत असत ती का, हे आठवा. जमिनीच्या पोटात उन्हाळा-हिवाळा फारसा पोचत नाही. रांजण गळ्यापर्यंत पुरलेला, आतून मधमाशीच्या मेणाचा हात फिरवलेला. थंडावा राखायला यंत्र नाही, विकतचं यीस्ट नाही. जे यीस्ट द्राक्षासोबत बागेतून येतं, तेच काम करतं. फसफसताना साली वर येतात, त्या दिवसातून अनेकदा खाली दाबाव्या लागतात. पुढे वसंतापर्यंत सगळं तसंच मुरतं. मग चोथा वेगळा करून वाइन काही महिने पुन्हा रांजणात आणि नंतर वर्षानुवर्षं ओकच्या मोठ्या पिंपांत. तोडणीपासून बाटली बाजारात येईपर्यंत सात वर्षं.

रंग येतो जुन्या मधासारखा. जग त्याला ‘ऑरेंज वाइन’ म्हणतं, ग्राव्हनर ‘अँबर’, म्हणजे तृणमणी, म्हणतात, आणि त्यांचा शब्द मला अधिक खरा वाटतो. मी ही वाइन एकदाच चाखली आहे. पहिल्या घोटाला तुरट लागली, चांगल्या चहासारखी. तासाभरानं त्याच पेल्यात सुकलेलं जर्दाळू, मध आणि ओल्या दगडासारखं काहीतरी जाणवू लागलं. फार गार करून प्यायची ही वाइन नव्हेच.

सुरुवातीला बाजारानं पाठ फिरवली. जुने ग्राहक बिथरले, कौतुक करणारी लेखणी कडवट झाली. ग्राव्हनर मागे फिरले नाहीत. उलट जे उरलं होतं तेही सोडलं. शार्दोने, सोविन्यॉ, रीस्लिंग इतालिको आणि पिनो ग्रिजो यांची मिळून ‘ब्रेग’ नावाची त्यांची वाइन होती, नावाजलेली. 2012 चा हंगाम तिचा शेवटचा. बाहेरच्या जाती निघाल्या, आता पांढऱ्यात रिबोल्ला आणि लालमध्ये तिथलीच पिन्योलो. बागेत तळी खोदली आणि पक्ष्यांसाठी घरटी लावली, कारण एकट्या वेलीला जमीन सांभाळता येत नाही, असं त्यांना वाटतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. स्थानिकाचा एवढा ध्यास, मग रांजण हजारो किलोमीटरवरून का? मीही यावर बराच विचार केला. पहिल्या खेपेतले बरेच रांजण वाटेतच फुटले, तरी त्यांनी पुन्हा मागवले. माझं उत्तर असं की रांजण स्वतःची चव देत नाही. ओकचं नवं पिंप व्हॅनिलाचा वास देतं, स्टील फळाचा ताजेपणा पुढे आणतं. मेण लावलेला मातीचा रांजण मात्र बाजूला उभा राहतो. जे भांडं मध्ये बोलत नाही, ते त्यांनी घेतलं, मग ते कुठलंही असो.

आपण नाशिकला शनाँ ब्लाँ, सोविन्यॉ, शिराझ लावली, त्याला जेमतेम पाव शतक झालं. सातशे वर्षांची रिबोल्ला आपल्याकडे नाही, आणि आपण रांजण पुरावेत असंही मी म्हणत नाही. पण आपल्या मुरमातली शनाँ सालीसकट, न ढवळाढवळ करता, निदान एका पिंपात करून पाहिली आहे का कुणी? मला त्याची चव बघायची आहे. कुणी करत असेल तर व्याख्यानानंतर मला नक्की भेटा.