नेम आणि हजेरी

श्रोतेहो, नमस्कार.

नेम हा शब्द आपल्या घरांत फार जुना आहे. कुणाचा हरिपाठाचा नेम असतो, कुणाचा शनिवारी मारुतीला जाण्याचा, आणि तो चुकला की दिवसभर चुटपुट लागून राहते. हल्ली आपण त्याच गोष्टीला सातत्य म्हणतो आणि ते मोबाइलवरच्या आकड्यांत मोजतो. हे सातत्य एकट्याने टिकवणे अवघड का जाते आणि केवळ पडद्यावर भेटणाऱ्या माणसांच्या सोबतीने ते कसे टिकते, याविषयी मी आज बोलणार आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदी चालू असताना, आम्ही चौदा जणांनी झूमवर रोज सकाळी सहा वाजता सूर्यनमस्कार घालायला सुरुवात केली. बहुतेक जण सातारा आणि नाशिककडचे होते, एक दुबईत होता आणि एक मैत्रीण न्यू जर्सीत. आमचे सहा वाजत तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ झालेले असत, त्यामुळे आम्ही उगवत्या सूर्याला नमस्कार घालत असू आणि ती जेवणाआधी मावळलेल्या. सगळ्यांनी एकदम मंत्र म्हटले की आवाज मागेपुढे पोहोचून नुसता गलका होई, म्हणून तेरा जणांनी आपला आवाज बंद ठेवायचा आणि एकानेच मोजायचे असे ठरले. मोजण्याचे काम एका निवृत्त शिक्षिकेकडे आले. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंचे गुडघे दुखत असल्याने त्यांना स्वतःला एकही नमस्कार घालता येत नसे. तरीही गटातली सर्वांत पक्की हजेरी त्यांचीच होती, कारण त्या आल्या नाहीत तर बाकीच्या तेरांचा व्यायाम खोळंबणार होता.

आपलेपणा नुसत्या स्वागताने येत नाही, तो हाती काम आल्यावर येतो, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे. वारीतल्या दिंडीतही हेच दिसते. कुणाच्या खांद्यावर पताका असते, कुणाच्या हाती टाळ, कुणाच्या गळ्यात वीणा, कुणाच्या डोक्यावर तुळस, आणि या जबाबदारीमुळेच एरवी अनोळखी असलेला माणूस चार दिवसांत दिंडीचा होऊन जातो. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते, मग चोपदार त्यांचे म्हणणे ऐकतात, आणि हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकाराही तिथेच होतो. रुसण्यालाही जागा ठेवणारी ही व्यवस्था आमच्या गटाने वेळीच उचलली असती तर फार बरे झाले असते.

कारण तिसऱ्या महिन्यात आमच्यातल्या एका उत्साही सदस्याने हजेरीचा तक्ता केला. रोज ज्याच्या त्याच्या नावापुढे खूण होऊ लागली आणि महिनाअखेरीस क्रमवारी जाहीर होऊ लागली. पहिले पाच जण खूश होते. शेवटच्या पाचांपैकी तिघे काहीही न बोलता गटातून निघून गेले, आणि तक्ता बंद करावा हे आम्हांला सुचायला आणखी एक महिना गेला. एक दिवस चुकला की सगळे मुसळ केरात, ही भीती त्या रिकाम्या चौकोनाने घातली होती. वास्तविक ती निराधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचा बारा आठवडे अभ्यास करून २०१० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, मात्र कुणाला १८ दिवस पुरतात तर कुणाला २५४ लागू शकतात, असे त्यांचे गणित निघाले. आपल्याकडे सर्रास सांगितला जाणारा एकवीस दिवसांचा हिशेब त्यामुळे फारसा टिकत नाही. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, हेही याच अभ्यासात दिसून आले.

खाडा पडलेला माणूस परत येतो तेव्हा काय होते, यावर गटाची परीक्षा असते. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या चळवळीचा आरंभ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन गावी, बिल विल्सन आणि डॉ. रॉबर्ट स्मिथ यांची भेट झाली. विल्सन यांचा व्यवहार फिसकटला होता, पुन्हा प्यावेसे वाटत होते, आणि आपल्यासारख्याच एखाद्या माणसाशी बोलता यावे म्हणून ते फोनवर फोन करीत होते. डॉक्टरांनी त्या भेटीनंतर दारू सोडली, पण थोड्याच दिवसांत ते वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले आणि तिथे पुन्हा प्याले. परतल्यावर त्यांना कुणी दार लावले नाही. त्यांचा शेवटचा प्याला १० जून १९३५ चा मानला जातो आणि चळवळ आपला स्थापनादिन म्हणून तीच तारीख पाळते. म्हणजे दोघे भेटले तो दिवस नव्हे, तर घसरून परत आलेला माणूस सावरला तो दिवस.

माझाही खाडा पडला होता. वडिलांच्या आजारपणात एकोणीस दिवस मी पडद्यावर गेलो नाही, आणि ते बरे झाल्यावरही जाईना, कारण आता कुठल्या तोंडाने जायचे, हा प्रश्न होता. विसाव्या दिवशी रात्री बाईंचा निरोप आला. वडिलांची चौकशी त्यांनी आधीच दोनदा केली होती, या वेळी एवढेच लिहिले होते : "उद्या मला यायला थोडा उशीर होईल. पहिली तीन नावे तू म्हणशील का?"

दुसऱ्या दिवशी सहाला मी पडदा उघडला. कुणी काही विचारले नाही, सगळ्यांनी हात जोडले. मी मित्राय म्हटले, रवये म्हटले, सूर्याय म्हटले. भानवे म्हणायच्या आत बाईंची चौकट उजळली आणि पुढची मोजणी त्यांनी उचलली. त्यांना उशीर झाल्याचे त्याआधी किंवा त्यानंतर आमच्यापैकी कुणालाही आठवत नाही.