इल्युसिसची ओंबी आणि रंगमंचावरचा अंधार

अथेन्सपासून साधारण वीस किलोमीटरवर असलेल्या इल्युसिस येथील हे भग्न अवशेष पाहा. खडकात कोरलेल्या पायऱ्या तेवढ्या आता शाबूत आहेत. येथे प्राचीन ग्रीकांच्या गुप्त धर्मविधींचे टेलेस्टेरिऑन, म्हणजे दीक्षागृह, उभे होते. ग्रीकांचे नाट्यगृह उघड्या आकाशाखाली असे. हे दीक्षागृह मात्र छताने झाकलेले आणि खांबांनी इतके भरलेले होते, की पायऱ्यांवर दाटीने उभ्या असलेल्या दीक्षार्थींपैकी अनेकांना मधला विधी नीट दिसतही नसावा.

अपहृत कन्या पर्सेफनी आणि तिला शोधत वणवण फिरणारी धान्यदेवता डिमीटर यांची कथा साऱ्या ग्रीसला ठाऊक होती. गुप्त होते ते या भिंतींच्या आत बोलले, केले आणि दाखवले जाणारे. ते बाहेर फोडणाऱ्याला मृत्युदंड होता. नाटककार एस्किलस हा इल्युसिसचाच, आणि त्याच्यावरही गुपित फोडल्याचा आरोप आला होता. आपण बोललो ते गुपित आहे हे आपल्याला माहीतच नव्हते, हा त्याचा बचाव ॲरिस्टॉटलने नोंदवला आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या हिपोलिटस या ख्रिस्ती लेखकाने मात्र लिहून ठेवले, की विधीच्या परमोच्च क्षणी दाखवली जाई ती मूकपणे कापलेली धान्याची एक ओंबी. विरोधकाची साक्ष जपूनच घ्यावी लागते, पण ही ओंबी मनातून जात नाही.

1889 साली एदुआर शुरे या फ्रेंच लेखकाचा ‘महान दीक्षित’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. राम आणि कृष्णापासून ऑर्फियस, प्लेटो आणि येशूपर्यंत सर्वांना एकाच गूढ परंपरेत ओवणाऱ्या या ग्रंथात इतिहासापेक्षा कल्पनाच अधिक आहे. तरीही प्रतीकवादाने, म्हणजे उघड न सांगता प्रतीकांतून सुचवणाऱ्या साहित्यप्रवाहाने, भारलेल्या पिढीने तो आवडीने वाचला. पुढे शुरे यांनी इल्युसिसचे ‘पवित्र नाटक’ आपल्या कल्पनेने नव्याने रचले, आणि 1907 मध्ये म्युनिकला, सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान मानणाऱ्या थिऑसॉफिस्टांच्या परिषदेत, ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी ते रंगमंचावर आणले. 1910 पासून स्टायनर स्वतःच गूढनाट्ये लिहू लागले. एवढा धागा उघड आहे, आणि म्हणूनच तो मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही: ज्याचे सामर्थ्यच न सांगण्यात होते, ते येथे भर प्रकाशात, पद्यात बोलू लागले.

इल्युसिसच्या अधिक जवळ जाणारे नाटक त्याआधीच, 1891 मध्ये, पॅरिसला झाले होते. बेल्जियन नाटककार मॉरिस मेटरलिंक यांच्या ‘आगंतुक’ या एकांकिकेत ना देवता आहे, ना दीक्षा, आणि लेखकाने ती इल्युसिसवरून घेतली असे म्हणायला आधारही नाही. शेजारच्या खोलीत बाळंतीण आजारी आहे. दिव्याभोवती घरची माणसे बसली आहेत. त्यांच्यातल्या आंधळ्या आजोबांना कोणीतरी आत आल्याची चाहूल लागते; डोळसांना काहीच दिसत नाही. बाहेरून गवत कापायच्या पात्याला धार लावल्याचा आवाज येतो, तेव्हा माळी असेल, असे म्हणून ते सोडून देतात. घड्याळात बाराचे ठोके पडतात, जन्मापासून एकदाही न रडलेले मूल अचानक टाहो फोडते आणि दारात काळ्या वेशातली परिचारिका येऊन, एक शब्दही न बोलता, छातीवर क्रुसाची खूण करते. सगळे आतल्या खोलीत जातात. आजोबा एकटेच मागे राहतात, आणि आपल्याला सोडून सगळे कुठे गेले, असे अंधारालाच विचारत राहतात.