गवतातून घरी आल्यावर

(दृश्य: गोरेवाड्याच्या बाजूची पायवाट. दोन्हीकडे कमरेएवढं गवत, पात्यांवर दव.)

पोळा सरला की नागपूरच्या आसपासचं गवत कमरेला लागतं. अंबाझरीची झुडपं, गोरेवाड्याचा काठ, रामटेकच्या गडाचा पायथा, काटोल-कळमेश्वरकडचे धुरे, सगळीकडे रान माजलेलं असतं. कुणी पक्षी बघायला निघतं, कुणी सोयाबीन सोंगायला वावरात बसतं. संध्याकाळी घरी आल्यावर मांडीला गोचीड चिकटलेली दिसते. लगेच मोबाइल हातात येतो आणि पहिलाच शब्द समोर येतो: लाइम, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा एक आजार.

घाबरण्याआधी गोचीड काढायची.

(दृश्य, अगदी जवळून: त्वचेत रुतलेली गोचीड. बाजूला टोकदार चिमटा.)

चिमटा बारीक टोकाचा हवा. भुवया कोरायचा रुंद चिमटा गोचिडीचं पोट दाबतो आणि आतलं उलट जखमेत जाण्याचा धोका वाढतो. टोकं त्वचेला टेकवा. पोटाला नाही, तोंडाच्या भागाला पकडा आणि सरळ वर, न थांबता, एकसारख्या जोराने ओढा. त्वचा तंबूसारखी थोडी वर येईल. तसाच ताण धरून ठेवा, ती आपोआप सुटते. हिसका द्यायचा नाही, पिळायचं नाही. गोचिडीच्या सोंडेला मागे वळलेले काटे असतात, शिवाय कित्येक जाती भोवती डिंकासारखा स्राव सोडून घट्ट बसतात. पिळलं की सोंड तुटून आत राहते. तशी राहिली आणि सहज निघत नसेल, तर सुईने उकरत बसू नका. त्वचा काही दिवसांत ती स्वतःच बाहेर टाकते. उकरल्याने मात्र जखम पिकते.

रॉकेल, चुना, तंबाखूचं पाणी, पेटती काडी, यातलं काहीही लावायचं नाही. गोचीड त्याने लवकर सुटत नाही. उलट डिवचली गेली की लाळ आणि पोटातलं द्रव जखमेत सोडू शकते. चिमटा जवळ नसेल तर बोटांना प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्याच पद्धतीने काढा. नखावर घेऊन चिरडायची सवय तर सोडायलाच हवी. गोठ्यात जनावरांच्या गोचिडी हाताने काढणाऱ्यांना हे आवर्जून सांगायला हवं, कारण क्रिमियन-काँगो हा रक्तस्रावी ताप चिरडलेल्या गोचिडीतून आणि बाधित जनावराच्या रक्तातूनही माणसाला होतो. 2011 मध्ये गुजरातेत त्याचे रुग्ण सापडले होते.

मग साबणाने हात आणि जागा धुवा, स्पिरिट किंवा पोव्हिडोन आयोडीन लावा. गोचीड पारदर्शक चिकटपट्टीत बंद करून कागदावर चिकटवा. त्याच कागदावर तारीख, ठिकाण आणि शरीरावरची जागा लिहा. हा कागद महिनाभर जपून ठेवा.

(दृश्य: नकाशा. अमेरिकेचा ईशान्य किनारा, मग नागपूर.)

आता लाइमचं. 1975 मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या लाइम गावाच्या परिसरात बऱ्याच मुलांचे सांधे एकाच वेळी सुजले आणि या आजाराकडे लक्ष गेलं. तो बोरेलिया जंतूमुळे होतो आणि इक्सोडिस वंशाच्या ठरावीक गोचिडी तो वाहून नेतात. त्यांना गार, ओलसर रान लागतं. भारतात हिमालयाच्या पायथ्याकडून, ईशान्येकडून आणि दक्षिणेच्या काही डोंगराळ भागांतून तुरळक नोंदी आहेत. मे महिन्यात पंचेचाळिशी गाठणाऱ्या नागपूरच्या रानात आपल्याला चिकटते ती बहुधा जनावरांची किंवा कुत्र्याची गोचीड. तिच्यापासून लाइमची धास्ती घेऊन महागड्या तपासण्या करून घेण्यात अर्थ नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. मुलगा-सून न्यू जर्सीला आहेत, आई-बाबा उन्हाळ्यात तीन महिने तिकडे राहून आले, मागच्या अंगणात गवत कापलं. अशा घरात लाइमचा प्रश्न खरा असतो. तिथल्या गोचिडीला जंतू सोडायला साधारण 36 ते 48 तास चिकटून राहावं लागतं. म्हणून त्याच दिवशी काढलेल्या गोचिडीचा धोका फार कमी. चावल्यावर एक-दोन दिवसांत दिसणारा छोटा लाल ठिपका म्हणजे लाइम नव्हे. लाइमचा चट्टा 3 ते 30 दिवसांत उठतो, रोज पसरत जातो, 5 सेंटिमीटरहून मोठा होतो. सावळ्या कातडीवर तो लाल न दिसता मुका मार लागल्यासारखाही दिसू शकतो. चट्टा असेल तर उपचारासाठी रक्ततपासणीची वाट पाहायची गरज नसते, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत अँटीबॉडी बऱ्याचदा सापडतच नाहीत. तिकडून आल्या-आल्या ताप आला, तर प्रवास आणि गोचीड, दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आधी सांगा.

(दृश्य: काळ्या कागदावर नारिंगी ठिपका, भिंगातून. सहा पाय हलताना दिसतात.)

नागपूरकराने खरी काळजी करायची ती या ठिपक्याची. ही चिगर, म्हणजे एका बारीक किडीची अळी. लांबी सुमारे 0.2 मिलिमीटर, डोळ्याला जेमतेम दिसते. माणसाला चावते ती फक्त अळीच. मोठी झालेली कीड मातीत राहते, तिला आपल्याशी देणंघेणं नसतं. ही अळी उंदीर-घुशींच्या वाटांवर, पावसाने भिजलेल्या झुडपांत, गवताच्या पात्यावर वाट पाहत बसते. अंगावर चढली की कपडा जिथे अंगाला आवळतो तिथे थांबते: नाडीखाली, काखेत, जांघेत, छातीखाली, गुडघ्यामागे. तिच्या लाळेतून ओरिएंशिया नावाचा जंतू शिरला की होतो स्क्रब टायफस. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि लगतच्या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आले आणि माणसं दगावली.

या आजारात गोचिडीसारखं सापडायला काहीच नसतं. अळी पोट भरून केव्हाच गळून पडलेली असते. मागे राहते ती चावल्याची खूण.

(दृश्य, जवळून: कमरेच्या पट्ट्याच्या रेषेवर वाटाण्याएवढी काळी खपली, भोवती लालसर कडा.)

बिडीचा चटका बसल्यासारखी ही खपली दुखत नाही, फारशी खाजतही नाही. म्हणूनच रुग्ण तिच्याबद्दल बोलत नाही आणि आजार हातातून निसटतो. ओल्या जागी, जांघेत किंवा छातीखाली, ती काळी न दिसता फिकट पिवळ्या तळाच्या फोडासारखी दिसते. प्रत्येकाला ती असतेच असं नाही. ती नाही म्हणून स्क्रब टायफस नाही, असं धरून चालू नये.

ताप येतो तो चावल्यानंतर 6 ते 21 दिवसांनी, बहुतेकदा दहा-बाराव्या दिवशी. तोवर सहल विसरलेली असते. थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, अंग मोडून येणं, कधी खोकला, काखेत-जांघेत गाठी. हंगाम डेंग्यूचा. प्लेटलेट्स याही आजारात घसरतात, त्यामुळे डेंग्यू समजून नुसतं सलाइन लावलं जातं. किंवा टायफॉइड समजून सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शनं सुरू होतात. हा जंतू आपल्या पेशींच्या आत राहतो आणि ती इंजेक्शनं त्याच्यावर चालत नाहीत. पाच दिवस वाया जातात आणि तेच महागात पडतात.

औषध मात्र जुनं आणि स्वस्त आहे: डॉक्सिसायक्लिन. मोठ्या माणसाला 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सहसा सात दिवस. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन, मुलांना वजनानुसार मात्रा. हे ठरवायचं डॉक्टरांनी, तुमचं काम ते वेळेत आठवून देण्याचं. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवं पडू नका, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. ॲसिडिटीचं औषध आणि लोहाची गोळी दोन तासांच्या अंतराने. औषध लागू पडलं की ताप बहुधा 48 तासांत उतरतो. उतरला नाही तर निदान पुन्हा तपासायला हवं.

आयजीएम एलायझा ही रक्ततपासणी तापाच्या साधारण पाचव्या दिवसापासून उपयोगी पडते. त्याआधी पीसीआर, म्हणजे थेट जंतूचा अंश शोधणारी तपासणी लागते. शंका पक्की असेल तर औषध अहवालासाठी थांबवायचं नसतं. धाप लागली, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा माणूस गुंगीत बोलू लागला, तर घरी थांबू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

(दृश्य: घराचा व्हरांडा. बाहेरचे कपडे बादलीत, बाजूला बूट.)

रानातून आल्यावर कपडे पलंगावर टाकू नका, थेट गरम पाण्यात भिजवा. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, म्हणून वाळल्यावर शिवणींवरून कडक इस्त्री फिरवा. आंघोळ लगेच करा आणि साबण लावून जांघ, काख, कंबर जरा घासून धुवा. नुकतीच चढलेली अळी त्यात निघून जाते. मग दिव्याखाली अंग तपासा. पाठ, कानामागची जागा आणि केसांची मुळं घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. बाहेर असताना पँट मोज्यात खोचा, उघड्या त्वचेवर 20 ते 30 टक्के डीट (किडींना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावा आणि बसायचं तर गवतावर नाही, ताडपत्रीवर.

पायाला घासणारा घरचा कुत्रा विसरू नका. त्याच्या गोचिडीतून टिक टायफस येऊ शकतो. त्यात ताप आणि तळहात-तळपायांवरही पुरळ असतं, औषध पुन्हा डॉक्सिसायक्लिनच.

(दृश्य: दवाखान्यातलं टेबल. रुग्ण कागद पुढे सरकवतो.)

तापात दवाखान्यात गेलात तर दोन वाक्यं स्वतःहून सांगा: "डॉक्टर, बारा दिवसांपूर्वी गवतात होतो. कमरेजवळ काळी खपली आहे, बघता का?" आणि पट्टा सैल करून दाखवा.