फोन घरात, अक्कल एक्स्चेंजात

(दृश्य: देवगड. आंब्याच्या पेटीवरचा छापील मजकूर.)

हापूसच्या या पेटीवर बागायतदाराचं नाव आहे, गाव आहे आणि खाली ०२३६४ ने सुरू होणारा नंबर. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांनी हाच नंबर डायरीत उतरवून ठेवलेला असतो. पण एप्रिलात बागायतदार घरी सापडतो कुठे? तो दिवसभर बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात. गिऱ्हाईक घरचा नंबर फिरवतं, पडवीतला फोन गप्प राहतो आणि मांगरात मोबाईल वाजतो. पलीकडच्याला पत्ताही लागत नाही.

ही कॉल डायव्हर्टची सोय. अनेकांना ती मोबाईलबरोबर आली असं वाटतं. तसं नाही. कोकणात मोबाईलची रेंज शोधत लोक टेकाडावर चढत होते, त्याच्याही आधी ती लँडलाईनवर होती. फक्त विचारायला कोणी जात नसे.

(दृश्य: एक्स्चेंजमधली फ्रेम, तारांचे जुडगे.)

खरी गोम अशी की कॉल वळवायचं काम घरातला फोन करतच नाही. ते टेलिफोन एक्स्चेंज करतं, म्हणजे गावातल्या सगळ्या फोनच्या तारा जिथे येऊन मिळतात ते केंद्र. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचं छोटं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बनवलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. दमट हवेच्या आपल्या किनाऱ्यावर ही लहान गोष्ट नव्हती. अशा एक्स्चेंजच्या मेमरीत प्रत्येक नंबरापुढे नोंद ठेवता येते: हा कॉल सरळ वळवा, लाईन बिझी असेल तरच वळवा, किंवा काही वेळ कोणी उचललं नाही तर वळवा. चाकरमानी गणपती आटोपून घराला कुलूप लावताना एक कोड फिरवायचा, की झालं. कोड मात्र एक्स्चेंजच्या जातीप्रमाणे वेगवेगळे. ते डिरेक्टरीच्या पहिल्या पानांवर छापलेले असायचे. ती पानं कोण वाचतो म्हणा!

याचा एक फायदा पावसाळ्यात कळतो. माडाची झावळ पडून घरची तार तुटली, तरी आधी लावून ठेवलेलं सरळ डायव्हर्शन चालू राहतं, कारण कॉल त्या तारेपर्यंत येतच नाही. वळवलेल्या टप्प्याचे पैसे मात्र वळवणाऱ्याच्या बिलात. आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लागतो, तेव्हा मोबाईलवर वळवतानाही तो विसरू नका.

(दृश्य: माजघर, कोनाड्यात फोन.)

माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित सोय हॉटलाईनची. रिसीव्हर उचलायचा आणि काहीच दाबायचं नाही. काही सेकंद थांबलं की एक्स्चेंज ठरवून दिलेला नंबर आपणच लावतं. बटणं न दिसणाऱ्या आजीला मुंबईतल्या लेकाशी बोलायला एवढं पुरे. त्या सेकंदांत दुसरा नंबर फिरवला, तर फोन नेहमीसारखाच.

एसटीडी लॉक, म्हणजे परगावचे कॉल लागू न देणारं कुलूप, आणि गजराचा कॉल याही सोयी एक्स्चेंजच्याच. त्याआधी लॉक म्हणजे तबकडीच्या भोकात अडकवलेलं छोटं कुलूप. पण तबकडी तरी काय करते? जो आकडा फिरवला तेवढ्या वेळा लाईन तोडते आणि जोडते. म्हणून वात्रट पोरं रिसीव्हरखालची खिटी ठराविक लयीत टकटक दाबून नंबर लावत. पाचाला पाच टकटकी, शून्याला दहा. कुलूप तसंच लटकलेलं, आणि बिल आलं की घरात तपास सुरू.

(दृश्य: वादळी पाऊस, वाकलेला खांब.)

वीज गेली तरी तांब्याच्या तारेवरचा साधा फोन चालतो, कारण त्याला लागणारे सुमारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून येतात. कॉर्डलेसला मात्र घरचीच वीज हवी. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात झाले तसे खांबच आडवे झाले, तर बॅटऱ्या भरलेल्या असून काय उपयोग?

आता बऱ्याच घरांत फायबर आलं. काचेच्या तारेतून वीज येत नाही; वीज गेली की मोडेम बंद आणि फोनही बंद. एक तर मोडेमला छोटा बॅकअप जोडा, नाहीतर डायव्हर्शन आधीच लावून ठेवा.