होडी कधी पाण्यात जाते

(दृश्य: भाट्याची खाडी. काठावर ओढलेल्या होड्या, निळ्या ताडपत्र्या.)

जुलै २०२४. मासेमारी बंदीचे शेवटचे दिवस. पावसाने उघडीप दिली आणि खाडीकाठी ताडपत्र्या निघाल्या.

(दृश्य: सुताराचे हात.)

दोन फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात धरायची, छिन्नीने आत सारायची, वरून बेताने ठोकायचं. बोट फिरवून चाचपायचं. कापूस बोटाला लागला, तर पुन्हा ठोकायचं. मगच पुढचा सांधा. सकाळपासून हे असंच चाललंय, आणि अजून एक बाजू बाकी आहे.

सगळं उघड्यावर. येणारा-जाणारा थांबतो, वाकून बघतो, एखादी चूक दाखवतो. ओपन सोर्स सॉफ्टवेअरही, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता येतो ते, असंच चारचौघांत बांधलं जातं, आणि त्याचं बळ त्यातच आहे. पण काठावरची ही होडी बघता येते म्हणून कोणी तीत जाळी भरत नाही. कोडही तसाच: तपासून, आवृत्तीचा आकडा देऊनच लोकांच्या हाती द्यावा, एवढं आमचं मागणं.

(दृश्य: पडवीतला लॅपटॉप. पडद्यावर आमराईचा नकाशा.)

पल्याडच्या गावातली ही मुलगी घरच्या हापूस कलमांचा नकाशा ठेवते, क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. तिची आवृत्ती ३.३४. क्यूजीआयएसची नवी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी येते. त्यांतली वर्षाला एक लांब पल्ल्याची ठरवतात. तिच्यात पुढे दुरुस्त्याच येतात, नवे प्रयोग नाहीत. ३.३४ ही तशी आवृत्ती. म्हणून नकाशा आज उघडला तसा उद्याही उघडतो.

त्याला जोडलेलं एक छोटं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा पूरक कोड, मात्र बिनआकड्याचं होतं. ‘ताजा कोड उतरवून घ्या’, एवढीच सूचना. तिने घेतला, आठवड्याने भावाने घेतला. नाव एकच, आत कोड वेगळा. एकाकडे नोंदी उघडायच्या, दुसऱ्याकडे नाही. बिघडलं कधी, कशाने, काही कळेना. तो हंगाम वहीवर काढला.

(दृश्य: काळा पडदा, कमांड, खाली आकडा.)

हा आकडा बघा: ५.४.१. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या साधनाचा. मार्च २०२४ मध्ये त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेला चोरदरवाजा सापडला. आकडे होते, म्हणून जगभर एका ओळीत सांगता आलं: या दोन काढा. या मुलीच्या लॅपटॉपवरच्या डेबियन १२ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जुनी ५.४.१ होती. हिने आकडा वाचला आणि कामाला लागली.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात टॅग, म्हणजे आवृत्तीच्या आकड्याची खूण, लावायला एक ओळ पुरते. वेळ खातं ते त्याआधीचं तपासणं, आणि काय बदललं ते माणसाला कळेल असं लिहिणं. फावल्या वेळात, बिनपैशाने कोड लिहिणाऱ्यांकडे आम्ही हेही मागतोय. मागणी लहान नाही, ठाऊक आहे. तरीही मागतोय.

(दृश्य: रंगारी. होडीवरचा नोंदणी क्रमांक.)

पुसट झालेला क्रमांक रंगारी पुन्हा गिरवतो. तांडेल खाली वाकतो, शेवटच्या सांध्यावरून बोट फिरवतो.

(दृश्य: खलाशी खांदा लावतात. निवेदन नाही.)